मनकर्णाबाईचं गाणं कुठं ठेवायचं

गुलनारचाचीनं बीबी गावात पन्नास वर्षं दारोदार फिरून बांगड्या भरल्या. हात दाबता दाबता ती गायची. पोरीचं लक्ष गाण्यात, तोवर बांगडी मनगटात. आमच्या कॉलेजच्या वेबसाईटसाठी ती गाणी घ्यायला मी, समीक्षा, बुलढाण्याहून एसटीनं आले होते. त्या वेबसाईटच्या फॉर्मनं माझं डोकं फिरवलं होतं. एक गाणं, एकच खाना: धर्माचा, नाही तर प्रकाराचा. खाना रिकामा ठेवला तर लॅपटॉप गाणं घेतच नाही.

"धर्म कोणता लिहू?" मी विचारलं.

चाची हसली. "गान्याले कायचा धर्म व? मी तं हात पाहून म्हनतो. कडक हाताचं येगळं, मऊ हाताचं येगळं, रडक्या पोरीचं येगळं."

असे खाने आमच्याकडे कुठले! एकोणचाळीस गाणी मी 'सवाष्णींची गाणी'त टाकली. चाळिसावं मनकर्णाबाईचं. ती बाविसाव्या वर्षी विधवा झालेली. बांगड्या भरायच्या नव्हत्या, तरी चाची तिच्या ओट्यावर बसायची, तिचा रिकामा हात हातात घ्यायची आणि गायची. मी 'विधवा' ऐकलं आणि 'शोकगीते' दाबलं.

"काय लिवलं?"

"शोकगीत."

"अवो, आयकलं तरी काय तू? पिठल्यात मीठ नाई, म्हैस रुसली, असं चिडवाचं गानं हाय ते! हसू हसू लोळे मनकर्णा." चाचीचा आवाज चढला. "जिती होती तं कोनं तिले हळदीत बसू देलं नाई. आता मेल्यावरबी तू येगळी बसवून राह्यली? त्या बायांतच ठेव तिले. नाई तं माही सारी गानी पुसून टाक."

तीन दिवसांची मेहनत! कॉलेजातल्या सरांना फोन लावला. "विधवेचं गाणं सवाष्णींत? लोक हसतील. नसेल ऐकत तर सोड तिला."

मला चाचीचाच राग आला. "एका खान्यासाठी एवढं काय, चाची?"

ती शांतपणे म्हणाली, "तुह्या घरी कार्य झालं असंन ना? कोन कुठी बसलं होतं, आठव."

आठवलं. गेल्या वर्षी ताईची हळद होती. बाबा जाऊन सहा वर्षं झालेली. आई हळदीची वाटी घेऊन दाराशी आली, तेव्हा "आई, तू आत चहाचं बघ ना," असं तिला कोण म्हणालं? मावशी नाही, आत्या नाही. मी म्हणाले. आणि ती वाटी माझ्या हातात देऊन आत गेली.

मी मनकर्णाबाईला सवाष्णींत बसवलं. सरांना काय म्हणायचं ते म्हणोत. मग बाहेर येऊन आईला फोन लावला, आणि तिनं "हॅलो" म्हटल्यावर मला रडूच आलं.