बाबांनी गाडीला रिले लावले

बाबा कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागातून रिटायर झाले, त्याच वर्षी आमच्या जुन्या गाडीचे दिवे त्यांना मंद वाटू लागले. अंधार पडला की ते काचेजवळ तोंड नेऊन गाडी चालवायचे.

"वायर पातळ हाय," ते म्हणाले. "सगळा करंट स्विचातून फिरून येते, अर्धा रस्त्यातच जाते. रिले लावतो."

एका रविवारी वैशाली नगरच्या घरासमोर त्यांनी बॉनेट उघडलं. बॅटरीपासून दिव्यांपर्यंत जाड वायर टाकली, मध्ये फ्यूज आणि रिले. आता स्विचने रिलेला नुसता इशारा द्यायचा. दिव्यांना करंट थेट बॅटरीतून मिळणार. मी वायर धरून उभी होते. पिन खाचेत बसवताना त्यांचा हात सारखा बाजूला जात होता. जन्मभर पॅनेल जोडत आलेला हात.

"बाबा, मी लावू का?"

"राहू दे. ऊन डोळ्यावर येऊन राहिलं."

संध्याकाळी दिवे लावले, तर समोरची भिंत पांढरीशुभ्र झाली. "बापा, केवढा उजेड!" आई म्हणाली.

बाबा बघत राहिले. "मंदच हाय अजून."

मग नवे बल्ब आणले. मग आणखी जाड वायर. दर वेळी मीच त्यांना बाजारातल्या दुकानात नेलं.

एकदा जवळच्या जामुलहून परतताना दिवस मावळत होता. डावीकडून एक सायकलवाला आला. मी ओरडले, बाबांनी ब्रेक दाबला. सायकलचं हँडल गाडीला घासलं, माणूस वाचला. "दिखता नहीं क्या, चाचा?" तो ओरडला. बाबांनी गाडी कडेला घेऊन किल्ली माझ्या हातात दिली.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी जपायची. त्यांनी विचारलं, कमी दिसतं ते अंधारातच, की दिवसाही?

बाबा माझ्याकडे वळले. "दिवसापण," ते हळू म्हणाले. "मले वाटलं, चष्मा मळला हाय."

डोळ्यांचा दवाखाना त्याच बाजारात होता, दुकानाच्या पुढच्या वळणावर. बल्ब घ्यायला जाताना त्याची पाटी आम्हाला दिसायची. एकदा तरी तिकडे वळलो असतो तर, असं अजूनही वाटत राहतं. आता गाडी मी चालवते. बाबा शेजारी बसतात, आणि समोरून हॉर्न वाजला की विचारतात, "कोण हाय?"