दोंकावहिनीचा मुकुट

आमच्या दोंकावहिनीनं बेचाळीस वर्षं सहकारी मळ्यात द्राक्षाच्या वेली छाटल्या. पण फेब्रुवारीत संत त्रिफोनच्या दिवशी, छाटणीच्या सणाला, मळ्यात जाणार फक्त बाप्ये. बायकांनी घरी पाव भाजायचा. बाप्यांतला एक त्या वर्षाचा राजा व्हायचा आणि वेलीचा मुकुट घालून पहिली वेल छाटायचा. माझा थोरला भाऊ गेला त्या वर्षी वहिनी म्हणाली, "मिन्चो भावजी, मरायच्या आधी एकदा तो मुकुट मला घालायचाय." मी हसलो. गाढव होतो.

राजा कोण, यावरून दरवर्षी डोकी फुटायची. शेवटी सरपंच गांचोनं वाचनालयाच्या भिंतीवर कागद चिकटवला: जो कॉम्प्युटरवर 'थ्रेसच्या टोळ्या' जिंकेल, तो राजा. प्लोवदिव शहरातल्या कुणा हौशी माणसानं केलेला हा खेळ. आमच्या गावाबाहेर तो कुणी खेळत असेल असं वाटत नाही. आमच्याच मुलखातल्या प्राचीन काळच्या टोळ्या, आळीपाळीनं खेळायचं, एक डाव म्हणजे एक ऋतू. पहिल्या वर्षी गांचोच जिंकला. दुसऱ्या वर्षी वहिनीनं नाव घातलं. कागदावर बाईला मनाई लिहायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

गांचो निवृत्त सुभेदार. तो आणि मी पहिल्या डावापासून फौजा वाढवत सुटलो. वहिनी मात्र द्राक्षतोडीचा शरद ऋतू आला की आपले सैनिक घरी पाठवायची.

"वहिनी, लढाई चाललीय. सुट्टी कसली देताय?" मी म्हणालो.

"मग द्राक्षं कोण उतरवणार? तुमचा सेनापती?"

माझी टोळी गांचोनं खेळातल्या पाचव्या वर्षी गिळली. मग ऐन शरदात नऊ हजारांची फौज घेऊन तो वहिनीच्या किल्ल्याला भिडला. त्याची शेतं ओस पडली होती, पण तिकडे बघतो कोण?

"दोंका, शरण ये. चूल वाट बघतेय तुझी."

वहिनीनं फक्त दरवाजे लावून घेतले. तिची कोठारं तुडुंब होती. हिवाळ्यात गांचोचे तीन हजार उपाशी पळाले. वसंतात उरलेल्यांतले निम्मे भाकरीसाठी तिलाच येऊन मिळाले. मग ती बाहेर पडली आणि तीन डावांत तिनं त्याची राजधानी घेतली.

गांचोनं चष्मा पुसला. "खेळ ठीक आहे. पण राजा पुरुषच असतो."

"कागद तू लिहिलास, सहीही तुझीच," वहिनी म्हणाली. "मला कुणाचं फुकट नको. जिंकलंय तेवढं द्या."

एकेक जण उठून घरी गेला. मीही गेलो, आणि त्याची मला रात्रभर लाज वाटली.

राजाची गाडी बाप्यांनी ओढायची असते. सणाच्या सकाळी मी ती एकट्यानं वहिनीच्या दारात नेली.

"भावजी, तुमची कंबर धरेल."

"बसा गुपचूप."

चौकापर्यंत आम्ही सहा झालो, चर्चपाशी वीस. बायका पाव तसेच टाकून मागून चालत होत्या. टेकडीच्या चढावर गांचो धापा टाकत आला. मुकुट गेल्या वर्षापासून त्याच्याकडेच होता.

"हरलो म्हणजे हरलो," तो म्हणाला आणि त्यानं तो वहिनीच्या डोक्यावर ठेवला. मी रडलो, लपवत नाही.

वहिनी गाडीतून उतरली, वेलीपुढे वाकली आणि तिनं तीन काप घेतले. एकही काप वाया गेला नाही. आम्ही पंचवीस बाप्ये उभे राहून, वेल कशी छाटायची ते बघत होतो.