मोदकपात्र कांदिवलीला सापडलं

दादा गेला, तेव्हा आईचं पितळी मोदकपात्र घरात नव्हतं. आमचं बोलणं बंद असताना त्याने ते मला न विचारता ऑनलाइन विकलं होतं. वारसाचे कागद देऊन, फोनवर भांडून मी कंपनीकडून विक्रीची नोंद मिळवली. घेणारी कांदिवलीची निघाली.

भाव मनात ठरवूनच गेलो. दार उघडलं साठीच्या बाईने, बोलण्यात मालवणी हेल. मी तणतणत होतो आणि ती पदराने पात्राचं झाकण पुसत होती, चष्म्याची काच पुसावी तसं.

"परत द्यायचे किती घेणार?" मी विचारलं.

"काय नको. माझे पैसे तुमच्या दादांनी तेव्हाच परत केले. म्हणाले, वापरा, धाकटा भांडत येईल, तेव्हा देऊन टाका."

"मग विकलं कशाला? मलाच द्यायचं ना."

"मीपण तेच विचारलं," झाकण बसवत ती म्हणाली. "म्हणाले, माझ्या हातून तो घेणार नाय. दुसऱ्याकडून मात्र हिसकावून आणेल."

आयुष्यभर मी भाव पाडत आलो. इथे भावच नव्हता. रिक्षावाल्याने मुलुंडचे अव्वाच्या सव्वा सांगितले, तरी पात्र मांडीवर घेऊन मुकाट बसलो. दादावर रागवायचं की नाही, तेही ठरेना.