आमच्या बल्बचा वैरी

आमच्या शेजाऱ्याला उजेडाचं वावडं आहे. दिवसा शाळेत गणित शिकवतो आणि अंधार पडला की गच्चीवर दुर्बीण लावून आकाशाचे फोटो काढतो. मग गल्लीत कुणी दिवा लावायची सोय नाही. "भाऊ, तेवढी बत्ती बंद करा ना, फोटो खराब होऊन राहिला," हे कठड्यावरून दर पाच मिनिटांनी चालूच. एकदा तर आमच्या दारावरच्या बल्बला त्याने केळीच्या घडाला घालतात ती निळी पिशवी बांधली, मला न विचारता! मी ती ओढून काढली. आणि एवढं करून सकाळी मोबाईलवर दाखवतो काय, तर एक पुसट डाग. "कालच्यापेक्षा साफ आहे की नाही?" मी हो म्हणतो. काय करणार?

गेल्या महिन्यात संध्याकाळी अख्ख्या बुऱ्हाणपूरची वीज गेली. "भाऊ, असा अंधार वर्षातून एकदा मिळतो!" तो वरून ओरडला. नेमके माझे वडील फिरायला गेले होते, आणि हल्ली त्यांना घराची वाट आठवत नाही. मी टॉर्च घेऊन धावत सुटलो. तासभर शोधून हात हलवत परतलो, तर गल्लीच्या तोंडाशी हा स्कूटरचा दिवा लावून हॉर्न वाजवत उभा. शेजारी ओट्यावर वडील बसलेले. उजेड बघून आपणच आले होते.

तेवढ्यात वीज आली. आमचा बल्ब पेटला. त्याने एकदा आकाशाकडे पाहिलं आणि चाचरत म्हणाला, "भाऊ, ती बत्ती..."

वडिलांना आत नेऊन निजवलं आणि बाहेर येऊन पिशवी मीच बांधली.