नावाडी गयेला गेला

जग निर्माण करणाऱ्यावर त्या जगातल्या प्रत्येक जिवाची जबाबदारी असते, आणि ती ज्याला पेलत नाही त्यानं निर्मितीच्या वाटेला जाऊ नये. हे वाक्य आमच्या खेळाच्या पहिल्याच पानावर सोनेरी चौकटीत होतं. ते लिहिणारा निर्माता लातूरला एका खासगी शिकवणीत जीवशास्त्र शिकवायचा. पोरं सराव परीक्षेचे पेपर सोडवत असताना मागच्या बाकावर बसून त्यानं आमचं जग तयार केलं होतं. नदी, घाट, चावडी, बाजार आणि एक गढी. गढीत राणी. राणीला काम काहीच नव्हतं, पण गढी म्हटल्यावर राणी लागतेच.

खेळ तसा साधा होता. फोनवरच्या चॅटच्या एका ॲपवर आमचा गट, आणि गटात घाट, बाजार, चावडी अशा वेगवेगळ्या खोल्या. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि त्या पात्राच्या तोंडून लिहीत राहायचं. पूर कधी येणार, चोरी कुठं होणार, कोण मरणार हे ठरवायचा तो निर्माता, म्हणजेच सूत्रधार. सगळे त्याला ‘सर’ म्हणायचे. त्यातले काही खरोखरच त्याचे विद्यार्थी होते. मी नांदेडला रेल्वेच्या कचेरीत फायली सरकवतो. वयानं गटात सगळ्यांत मोठा, म्हणून ‘काका’. मला मोतद्दार, म्हणजे घोड्याची चाकरी करणारा, केलं होतं. घोडा कुणाचा, हे सरांनी शेवटपर्यंत ठरवलं नाही.

दोन नियम पक्के होते. लिहिलं ते घडलं. मागं जाऊन खोडायचं नाही. आणि दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत. याशिवाय एक रीत आपोआप पडली होती. कुणाची परीक्षा आली, कुणाच्या बहिणीचं लग्न निघालं, कुणाचं सोयाबीन काढणीला आलं, की तो गटात सांगायचा आणि त्याचं पात्र ‘काशीला’ जायचं. माणूस मोकळा झाला की पात्र गंगाजल घेऊन परत. एका हंगामात निम्मं गाव काशीला होतं आणि मी रिकाम्या बाजारात एकटाच, मालक नसलेल्या घोड्याला खरारा करत होतो.

घाटावरचा नावाडी हा त्या जगातला एकमेव खरा माणूस होता. ‘पुढं सरका. पाय आत घ्या. रडायचं असल त्यानं मधी बसावं, काठावर न्हाई.’ असं एवढंसंच लिहायचा. पण गावातल्या प्रत्येकाला कधी ना कधी नदी ओलांडावी लागे, आणि पलीकडे उतरेपर्यंत त्यानं त्याला काहीतरी बोलतं केलेलं असे. राणीसुद्धा केवळ त्याच्या नावेत बसता यावं म्हणून नसती कामं काढून पलीकडे जायची.

नावाडी लिहिणाऱ्याचं हदगावला झेरॉक्सचं दुकान होतं. त्याच्या किडन्या गेल्या होत्या. डायलिसिससाठी तो आठवड्यातून तीनदा एसटीनं नांदेडला यायचा. दवाखाना माझ्या कचेरीजवळच, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्यापाशी जाऊन बसायचो. एका हातात सुया, तो हात हलवायचा नाही. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तो नदी लिहायचा. डॉक्टरांनी त्याला पाणी मोजून दिलं होतं. दिवसभरासाठी एक लहानशी बाटली, तिच्यातच चहा, वरण, औषधाचा घोट सगळं आलं. उन्हाळ्यात तो बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचा आणि इकडे घाटावर लिहायचा, की तळ आज वल्ह्याला लागून नाही राहिला, पाणी लई खोल हाय.

“एवढं पाणी कुठून सुचतं रे तुला?” मी एकदा विचारलं.

“काका, उपाशी माणसाला जेवण सुचतं, तसं.” मग लगेच, “गटात सांगू नका हां. सगळे माझ्या नावेत जपून बसतेत मग. मजा जाती.”

मी सांगितलं नाही.

त्याची तब्येत पहिल्यांदा फारच बिघडली तेव्हा गटाला त्यानं दुकानाचं काम निघालंय एवढंच सांगितलं, आणि रीतीप्रमाणं नावाड्याला काशीला पाठवायचं ठरलं. त्यानं बिछान्यावरून लिहिलं, ‘काशीला आमचं कोण हाय? आमचा माणूस गयेला जाईल.’ त्याच्या घरी बुद्धवंदना होते हे गटात बहुतेकांना माहीत होतं. सूत्रधाराला वेगळीच अडचण दिसली. त्यानं लिहिलं की आपल्या कथेचा काळ पाहता या प्रदेशातून गयेस वंदनेसाठी जाण्याची प्रथा इतिहाससंगत ठरत नाही.

आमच्यात एक कोतवाल होता. तो लिहिणारी मुलगी लातूरला औषधनिर्माणशास्त्र शिकत होती आणि कुणाच्या बापाला भीत नव्हती. तिनं विचारलं, “सर, तुमच्या नदीत मगर बोलती. ते चालतं का इतिहासाला?”

दोन दिवसांनी सूत्रधाराचं आज्ञापत्र निघालं. त्याचे सगळेच निर्णय आज्ञापत्र म्हणून निघायचे, खाली शिक्कामोर्तब. नावाड्यास गयेस जाण्याची सवलत देण्यात येत आहे. हा पायंडा समजू नये. नावाडी गयेला गेला आणि काही दिवसांनी परत आला. येताना गंगाजल नव्हतं, पिंपळाचं एक पान होतं. ते त्यानं नावेच्या टोकाला अडकवलं.

पुढच्या खेपेला तो गेला तो परत आला नाही. बारावीतली मुलगी आणि झेरॉक्सचं दुकान मागं ठेवून गेला.

हदगावला पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्याच्या स्मरणवंदनेच्या दिवशी त्याची धाकटी बहीण भेटली. शिरूर अनंतपाळला तलाठी आहे. तिच्या हातात भावाचा फोन होता. म्हणाली, “भाऊ, तुमचा तो खेळ मी वाचून राहिले. पहिल्यापासून. रोज एसटीत थोडं थोडं. एकदम वाचलं तर संपल ना.”

मी तिला बसायला खुर्ची ओढून दिली.

“दादा घरात असं कधी बोललाच न्हाई हो. घरात नुसतं हाव, न्हाई, जेवलो. अन् इथं बघा.” मग ती मुद्द्यावर आली. “तुमच्या सरांना एवढं सांगा, त्याला मारू नका म्हणावं. इथं एकदा झालंय, तेवढं बास. गयेला पाठवा, परत आणू नका. कुणी विचारलं तर गयेला गेलाय.”

मी त्याच संध्याकाळी सूत्रधाराला फोन केला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “काका, एवढ्या मोठ्या पात्राला असं वाऱ्यावर सोडायचं? मी त्यांना साजेसा निरोप देणार आहे.”

“घरच्यांना नको आहे.”

“घरच्यांना आत्ता कळणार नाही. वाचल्यावर कळेल.”

त्याच्या आवाजात खोट नव्हती. तो खरोखरच हळवा झाला होता, आणि हळवा झालेला लेखक कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

निरोपाचं नाव होतं ‘महाप्रस्थान’. नदीला महापूर येतो, राणीची पालखी वाहून जाऊ लागते, नावाडी झेप घेतो, राणीला काठावर लोटतो आणि स्वतः बुडतो. बुडण्याचं वर्णन लांबलचक होतं. नाकातोंडात पाणी, छातीत पाणी, पाणीच पाणी. शेवटी नदी स्वतः स्त्रीरूप घेऊन त्याचं डोकं मांडीवर घेते. खरं सांगायचं तर सूत्रधारानं लिहिलेल्यात ते सगळ्यांत चांगलं होतं. राणी लिहिणाऱ्या मुलानं खाली हात जोडलेली चिन्हं टाकली.

दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. भावाच्या फोनवर सूचना वाजली, तशी तिनं मधलं सोडून तेवढं आधी वाचलं होतं. रडत नव्हती. “त्याला घोटभर पाणी मोजून मिळायचं, भाऊ. शेवटच्या दिवशी नुसता ओला कापूस ओठाला लावला. अन् तुम्ही लोकांनी त्याला पाणी पाजून मारलं.”

मी लातूरला फोन लावला आणि आजाराचं सगळं सांगून टाकलं. आता कुणापासून लपवायचं होतं?

“हे मला कुणीच बोललं नव्हतं,” सूत्रधार म्हणाला. ते खरंच होतं.

“आता कळलं ना? काढून टाक ते.”

“काका, लिहिलं ते घडलं. मीच नियम मोडला तर उद्या कुणीही उठून काहीही खोडेल.”

“अरे, जग तुझंच आहे.”

“म्हणूनच.”

मी गटात एवढंच लिहिलं, की तो कशानं गेला आणि घरच्यांनी काय मागितलं होतं. बाकीचं कोतवालानं हातात घेतलं. सकाळी घाटावर तिची नोंद होती. ‘कोतवाल घाटावर आला. नावाडी आपल्या जागी बसला होता. कोतवाल नावेत बसला. नाव पलीकडे लागली.’ पाठोपाठ भाजीवाली आली, सोनार आला. मीही माझा घोडा घेऊन आलो. ज्यानं त्यानं नदी ओलांडली, नावाड्यानं प्रत्येकाला पार नेलं. पण दुसरा नियम सगळ्यांनी पाळला. त्याच्या तोंडी एक शब्दही कुणी घातला नाही. नाव भरून लोक जात होते आणि नावाडी गप्प होता. बंड म्हणून सुरू झालेलं ते मी कचेरीत फाईल उघडी ठेवून पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

सूत्रधारानं आज्ञापत्र काढलं. मृत पात्रास जिवंत दाखवणे हा कथेचा द्रोह होय. नोंदी काढून टाकल्या. लोकांनी पुन्हा लिहिल्या. कोतवालाला गटाबाहेर काढलं, तिनं दुसऱ्या नंबरावरून येऊन विचारलं, “सर, खोडायचं नसतं ना? मग आमचं काहून खोडून राहिले?” त्यावर तो नंबरही गेला. मग कुणीतरी आपलं नाव बदलून ‘नावाडी’ केलं. दुपारपर्यंत झाडून सगळ्यांनी केलं. राणीनंसुद्धा. गावात राणी नाही, सोनार नाही, तीसेक नावाडी. कुणाला काढायचं हे सूत्रधाराला कळेना. ज्याला काढावं तो कोण निघेल याचा भरवसा नाही. एकदा चुकून त्यानं गट सांभाळायला ठेवलेल्या स्वतःच्या मदतनिसालाच काढलं.

शुक्रवारी शिकवणी सुटल्यावर त्यानं गट विसर्जित केला. शेवटचं आज्ञापत्र दोन ओळींचं होतं: जिथं कथेचा मान राहत नाही तिथं कथा राहू नये. ते आम्ही पुरतं वाचायच्या आत ॲपमधून गट नाहीसा झाला. घाट, बाजार, चावडी, सगळं. तीन वर्षांचं लिहिलेलं कुणाकडेच नव्हतं. आपण एका जगात राहतो असं वाटत असलं की माणूस त्याची प्रत काढून ठेवत नाही.

शनिवारी शिरूरहून बहिणीचा फोन. “भाऊ, दादाच्या फोनमधी ते उघडेना. मलाच जमंना की काय?”

मी सांगितलं. समजेल असं सांगायला बराच वेळ लागला, कारण ती मधेमधे म्हणत होती, “पण असल की कुठंतरी.” कुठंही नव्हतं.

“मी दुसऱ्या वर्षाच्या जत्रेपर्यंत आले होते,” ती म्हणाली. “एका बैलाला पलीकडं न्यायचं होतं. बैल नावेत चढंना. दादा त्याच्या कानात कायतरी बोलणार होता. तिथं माझा स्टॉप आला, म्हणून फोन ठिवला.”

“हो. तो बैल.”

“काय बोलला हो त्याच्या कानात?”

मला बैल आठवत होता. मी त्या नावेतच होतो, घोड्यासकट. नावाड्यानं वल्हं खाली ठेवलं, बैलाच्या मानेवर हात ठेवला, कानाशी वाकला, आणि त्या एका वाक्यावर सगळं गाव दोन दिवस हसत होतं, हेही आठवत होतं. वाक्य आठवत नव्हतं.

“चढला मग बैल?” तिनं विचारलं.

“चढला.”

“बरं,” ती म्हणाली. “हाव. बरं.” आणि फोन ठेवला.

कोतवालाला विचारलं, सोनाराला विचारलं. प्रत्येकानं वेगळं वाक्य सांगितलं. एकही त्याचं वाटलं नाही. मी तिला त्यातलं एखादं कळवू शकलो असतो. पण ते त्याच्या तोंडी शब्द घालणं झालं असतं.

पुढं कामानिमित्त लातूरला गेलो तेव्हा सूत्रधाराला भेटलो. शिकवणीखालच्या टपरीवर चहा घेतला. आवाज खाली गेला होता, वजन उतरलं होतं. म्हणाला, “मला वाटलं होतं काका, दोन दिवसांनी सगळे परत येतील. मी नवीन गट काढीन, सगळं पहिल्यापासून.” बहिणीची माफी मागायची होती. मसुदा तयार होता. त्यानं फोनवर दाखवला. ‘माझ्या हातून घडलेल्या प्रमादाबद्दल’ अशी सुरुवात होती. मी म्हटलं, हे पाठवू नकोस, फोन कर. त्यानं तिथंच टपरीवरून लावला. तो पाच-सहा वाक्यं बोलला असेल. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण फार नव्हतं. फोन खिशात टाकून त्यानं चहाचे पैसे दिले.

“काय म्हणाल्या?”

“बैलाचं विचारलं.”

नवा गट त्यानं काढला आहे. आमच्यातलं कुणी गेलं नाही, पण शिकवणीतली नवी बॅच आहे, चाळीसेक पोरं. तिथंही नदी आहे. नावाडी व्हायला कुणीच तयार झालं नाही, म्हणून आता पूल आहे.