निळी चिंधी बांधलेल्या वेली

कळंबला आमच्या दहा-बारा घरांत एक रीत होती. एकमेकींना रोप द्यायचं, पैसे घ्यायचे नाहीत आणि नेणारीनं आभारही मानायचे नाहीत. आभार मानले की रोप धरत नाही, असं आम्ही समजायचो. त्याऐवजी ते रोप देणारीच्या घरावरून ओळखायचं. 'कचेरीमागच्या काकूंचा कढीपत्ता' म्हणजे माझा. पाच-सहा घरी तो लागला होता, आणि कुणाच्या पोह्यांत त्याचं पान दिसलं की माझं नाव निघायचं. एवढ्याशा गोष्टीवर मी किती फुगून होते, ते वावरवाल्या वहिनी आमच्यात आल्या तेव्हा कळलं.

कापसानं सगळ्यांची पार कंबर मोडली होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. आमचं घर नोकरीचं, त्यामुळे आम्हाला त्याची झळ लागायची ती बाजारात. पूर्वी आठवडी बाजारात बाया धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, रानभाजी घेऊन बसायच्या. मग वावरं एका कापसानंच भरली, धुऱ्यांवर तणनाशक मारायला लागले, आणि त्या बाया दिसेनाशा झाल्या. राहिली ती लांबून ट्रकनं आलेली मलूल भाजी. तेव्हा आम्ही काहीजणींनी ठरवलं, एकदा लावलं की वर्षानुवर्षं खाता येईल असंच परसात लावायचं. शेवगा, हादगा, सुरण, धोप्याची म्हणजे अळूची पानं. चतुर्थीला सगळ्या चिंतामणीच्या दर्शनाला येतातच, त्यामुळे दर्शन झालं की देवळाबाहेरच्या झाडाखाली देवाणघेवाण व्हायची.

वहिनींचं वावर गावापासून तीन-चार किलोमीटरवर. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. कापसाच्या चार ओळी मोडून त्यांनी विहिरीजवळ भाज्यांचा तुकडा केला होता. पहिल्याच चतुर्थीला त्या सुरण घेऊन आल्या, तो सायकलच्या कॅरिअरवर मावत नव्हता. दुसऱ्या खेपेला धोप्याची पानं, सुपाएवढी. त्याच धोप्याचा कंद मी नेऊन लावला तर माझ्याकडे पानं आली तळहाताएवढी. मी बागेवरची पुस्तकं वाचायची, पालापाचोळा कुजवायची, वहीत नोंदी ठेवायची. त्या काही वाचत नव्हत्या. नुसतं खोचायच्या आणि ते यायचं. मला ते बघवत नसे, हे आता सरळच सांगते.

कडेलोट झाला तो कढीपत्त्यावरून. एका चतुर्थीला कुणीतरी रोप मागितलं, तर दुसरी म्हणाली, "वावरवाल्या वहिनींकडून घ्या ना, त्यांचा लई वासाचा हाये." त्यांचा! त्यांनी तो माझ्याकडूनच नेला होता. वहिनींनी लगेच सांगितलंही, "काकूंचाच हाये तो." पण कुणी लक्ष दिलं नाही. मी हसले, आणि घरी येऊन दिवसभर भांडी आपटली.

आता माझ्याजवळ एकच गोष्ट उरली होती, जी त्यांच्याकडे नव्हती. काटवल, म्हणजे कर्टोली. ह्यांची बदली झरी जामणीला होती तेव्हाचे ते गड्डे. तिथल्या एका कोलाम बाईनं जंगलातून खणून आणून दिले होते, आठ. देताना म्हणाली होती, "आठही एकाच जागी लावजा बाई, येगयेगळे नोको करू." का, ते मी विचारलं नाही. पावसाळ्यात वेल वर यायची, हिवाळ्यात वाळून जायची, गड्डा खाली जिवंत राहायचा. आमच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. त्यांच्या सोळा भाज्यांत घरचं काटवल असायचं, आणि जेवायला आलेल्या सगळ्याजणी पहिला हात त्यालाच घालायच्या. गड्डा मात्र मी कुणालाच दिला नव्हता. अजून वाढू द्या, पुढच्या वर्षी बघू, असं म्हणून टाळायची.

आठातल्या चारच वेली फळायच्या. उरलेल्या चार नुसत्या फुलायच्या. त्या वांझ, असं मी धरून चालले होते. फुलांच्या दिवसांत मी त्यांच्या बुडाशी जुन्या साडीची निळी चिंधी बांधून ठेवली, उन्हाळ्यात उपटून टाकता याव्यात म्हणून.

आणि त्याच उन्हाळ्यात वहिनींनी सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, मले काटवलाचा गड्डा देता का? माह्या माहेरी होतं. इकडं आल्यापासून खाल्लंच नाही."

चारचौघींत नाही कसं म्हणणार? म्हटलं, "देईन की, त्यात काय." घरी आले, कुदळ घेतली आणि निळ्या चिंध्यांच्या जागा खणल्या. चारही वांझ गड्डे पिशवीत भरले. वाईट वगैरे काही वाटलं नाही. उलट माती झाडताना मला गंमत वाटत होती. येऊ दे हिच्या वेली मांडवभर, फुलू दे, आणि बसू दे वाट बघत.

श्रावण लागला. माझ्या चारही वेली कुंपणावर चढल्या, पिवळ्या फुलांनी भरल्या. फुलामागे काटेरी बोंडही दिसायचं, दोन-तीन दिवसांनी पिवळं पडायचं आणि फुलासकट गळायचं. रोज सकाळी खाली सडा. मी राख टाकली, ताक शिंपडलं. शेवटी मनाशी पक्कं केलं की वहिनींचीच दृष्ट लागली. गड्डे न्यायला आल्या तेव्हा त्या वेलींच्या वाळक्या काड्यांकडे किती वेळ बघत उभ्या होत्या, ते मला आठवलं. एका संध्याकाळी मी कुंपणावरून मीठ-मोहऱ्या ओवाळूनसुद्धा टाकल्या. महालक्ष्म्या तीन आठवड्यांवर आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला वहिनी दारात. हातात फुलांची जुडी, काटवलाची, ताजी. जुडी निळ्या चिंधीनं बांधलेली.

माझी चिंधी मी कुठेही ओळखली असती. खणताना एखादी गड्ड्याच्या मानेलाच राहिली असणार. 

"तुमच्या वेलीले अमदा काटवल नाही लागलं ना, काकू?" त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाले कायले पायजे? चारही नर माह्याकडं आले. मंग तुमच्याकडं कोन राह्यलं?"

मला काही कळेना. तेव्हा त्या मला कुंपणाशी घेऊन गेल्या. माझ्या वेलीचं फूल दाखवलं, मागे बोंड असलेलं. त्यांच्या हातातलं दाखवलं, मागे काही नसलेलं. "हे नर. याले लोक वांझ म्हन्तात आन् उपटून फेकतात. मंग मादीलेही काही लागत नाही. माही माय झरीकडचीच, लहानपनी हेच काम होतं आमच्याकडं." एकेक नर फूल घेऊन त्या माझ्या फुलांत अलगद टेकवत गेल्या. मीही टेकवायला लागले. तासभर आम्ही दोघी कुंपणाशी वाकून होतो.

जाताना त्यांनी चिंधी सोडून माझ्या हातावर ठेवली. "हे तुमची. गड्ड्यासंगं आल्ती."

"खूण बांधली होती," मी म्हटलं.

"हो. मले समजलं."

एवढंच. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानंतर आठ दिवस त्या रोज सकाळी सायकलवर फुलं घेऊन येत राहिल्या. आभार मानायचे नाहीत, ही आमची रीत तेव्हा मला फार सोयीची पडली.

महालक्ष्म्यांना काटवल झालं. नेहमीपेक्षा जास्तच झालं. पंगतीत वहिनी बसल्या होत्या. कुणीतरी पानातली भाजी चाखून विचारलं, "हे कोणाकडचं?" पातेलं माझ्या हातात होतं. वहिनींचं नाव घ्यायला एक श्वास पुरला असता, आणि मी तो घेतलाही. पण वहिनी आधीच बोलल्या. "कचेरीमागच्या काकूंचं. माह्याइथंही त्यांच्यापासूनच आलं." मग मान खाली घालून जेवायला लागल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मी दोन फळत्या वेलींचे गड्डे स्वतः त्यांच्या वावरात नेऊन लावले, आणि त्यांनी दोन नर मला परत दिले. त्यांच्या वावरातून ते काटवल आता पंधरा-वीस घरी गेलंय. देताना त्या प्रत्येकीला दोन्ही जातीचे गड्डे देतात, एकत्र लावा म्हणून बजावतात आणि माझं नाव सांगतात. कुणी मला वाटेत थांबवून, काकू, तुमचं काटवल यंदा छान लागलं, असं म्हणते तेव्हा मी हसते. पोटात मात्र तेच जुनं दुखतं. फरक इतकाच, की तेव्हा मला त्यांच्या सुरणाचा आणि धोप्याचा हेवा वाटायचा, आता त्या इतक्या सहज माझं नाव घेतात त्याचा वाटतो.