एकशे तीसच्या खाली पास

आज मी रत्नागिरीत स्वतःच्या औषधांच्या दुकानात पदवी भिंतीवर लावून उभा आहे, तो आमच्या गणिताच्या सरांमुळे. आणि जगातली प्रत्येक गोष्ट मार्कांत मोजणारा त्यांच्यासारखा दुसरा माणूस राजापूर तालुक्यात झाला नाही. आंबा चाखला की ते दहापैकी गुण सांगत. त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, आमटीला कधी सातच्या वर मिळाले नाहीत. हजेरी मात्र त्यांना मार्कांहून प्यारी. भातलावणीच्या दिवसांत मी शाळा बुडवली, तेव्हा छत्रीखाली हजेरीपट धरून ते आमच्या शेताच्या बांधावर येऊन उभे राहिले. "हजर म्हण आणि चल." बाबांनी मुकाट्याने माझ्या हातातली रोपं काढून घेतली. आमच्या घरात तोवर कोणी दहावीपर्यंत पोहोचलं नव्हतं.

निवृत्तीनंतर सरांना मधुमेह निघाला, पाठोपाठ रक्तदाब. डॉक्टरांनी सांगितलं, साखर आहे म्हणून तुमचा दाब एकशे तीस-ऐंशीच्या खाली हवा, नाहीतर डोळे आणि मूत्रपिंडं दोन्हीकडून मार खातील. सरांनी तो आकडा फळ्यावर लिहून पडवीत टांगला. "जन्मभर पोरांना जास्त मिळवा म्हटलं, आता मी कमी मिळवायचे," एवढीच त्यांची तक्रार. घरच्या यंत्रावर दाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटं गप्प बसायचं असतं. ते स्वतः बसत आणि साऱ्या घराला बसवत. एकदा मासेवालीही तोंडावर बोट ठेवून पायरीवर थांबली होती. दर महिन्याला आकडे पोस्टकार्डावर मला येत, खाली लाल शाईत शेरा: 'प्रगती समाधानकारक.'

गणपतीआधी कार्ड आलं: १२६/७८, उत्तीर्ण. त्यानंतर दोन महिने काहीच नाही. एका रविवारी मी सरांच्या घरी गेलो. चहा देताना काकू हळूच म्हणाल्या, "दाबाची गोळी सोडलीय त्यांनी. तू विचार जरा." खडूच्या डब्यात गोळ्यांच्या पट्ट्या न उघडता पडलेल्या होत्या.

"पास झाल्यावर कोण त्याच वर्गात बसतं रे?" सर म्हणाले.

मी दाब मोजला. एकशे अडुसष्ट, शहाण्णव. सरांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाले, हल्ली पेपरातली अक्षरं पुसट दिसतात, चष्म्याचा दोष असेल. सोमवारी दुकान बंद ठेवून मी त्यांना रत्नागिरीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्ताचे ठिपके होते. साखर आणि दाब दोन्ही आवरले तर आहे ती नजर टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. एसटीत बसवताना सरांनी खिडकीतून विचारलं, "यातून सुटायचं कधी?" तेवढ्यात गाडी सुटली, आणि मी दुकानात येऊन पत्र लिहिलं:

ती. सरांना सा. न.
सुटायचं कधी, असं विचारलंत. दाब खाली आला होता तो गोळीमुळेच. ती थांबली, तो चढला. ही परीक्षा नाही सर, हजेरी आहे, रोजची. माझी तुम्ही चिखलात उभं राहून घेतलीत. पुढच्या सोमवारपासून रोज सकाळी आठला मी फोन करीन. गोळी घेऊन झाली की फक्त हजर म्हणा.
आपला विद्यार्थी